माझ्या रेझरला हात कोण लावतंय

४ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायामशाळेचे मालक म्हणाले, स्पर्धेपर्यंत रोज लिहून ठेव. वजन, खाणं, झोप, मनात काय चाललंय ते सगळं. म्हणून ही वही. पहिल्याच पानावर बजावून ठेवतो: घरातल्या कोणी उघडली तर तंगडं मोडीन.

वजन उतरतंय. कंबर अजून मनासारखी नाही. खाणं म्हणजे उकडलेली कोंबडी आणि अंड्याचा पांढरा भाग. मीठ नाही, साखर नाही, समोर बसून दोन शब्द बोलणारं कोणी नाही. मार्चमध्ये शरीरसौष्ठवाची स्पर्धा आहे, चाळिशीपुढच्या गटात नाव दिलंय. एकदा गुडघ्याने घात केला, एकदा कंपनीने रजा नाकारली. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आयुष्यभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या माणसाला एकदा दिव्याखाली उभं राहायचंय आणि खाली बसलेल्यांनी बघत राहावं, एवढंच हवंय. यात काय चुकलं?

घरात याची कवडीची किंमत नाही. बायको शाळेच्या ऑफिसात दाखले काढून देते आणि घरी आली तरी खिडकीपलीकडूनच माझ्याकडे बघितल्यासारखी बघते. मुलगी तेरा वर्षांची, त्याच शाळेत आठवीला. तिला मी अस्वल म्हणतो. हातापायांवर लव जास्त आहे, माझ्यावर गेलीय. लाडाने म्हणतो. घरात एवढी एकच गंमत उरलीय.

९ फेब्रुवारी, रविवार

व्यायामशाळेतले चौघे घरी आले होते, माझ्या पोझ बघायला. त्यात तुकतुकीत पण होता. त्याचं खरं नाव कोणी घेतच नाही, सगळे तुकतुकीतच म्हणतात. माझ्याच गटात उतरलाय. अंगावर केस औषधाला नाही, आणि बोलताना सारखा स्वतःच्या दंडावरून हात फिरवत असतो. डोक्यात जातो.

मी हाक मारली, "अस्वल, पाणी आण गं." सगळे हसले. ती ट्रे घेऊन आली तर तुकतुकीत म्हणतो, "अरे, खरंच की! ही तर बापाचा स्वेटर घालूनच जन्माला आली." मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. आत बायकोने भांडं आपटलं. ते लोक गेल्यावर म्हणाली, "चारचौघांत तिला असं नका बोलू. मोठी होतेय ती." मी म्हटलं, ती पण हसत होती, तूच विचार तिला. शेवटी मीच जाऊन विचारलं. अस्वल पुस्तकात डोकं घालून बसली होती. म्हणाली, "नाही बाबा, मला काही नाही वाटलं." झालं! उगाच राईचा पर्वत.

तुकतुकीत जाता जाता एक मात्र कामाचं बोलला. स्टेजवर जाताना अंगावर केस नकोत, नाहीतर रंग नीट बसत नाही आणि स्नायूंच्या रेघा दिसत नाहीत. आयत्या वेळी केस काढले तर कातडी बिथरते, म्हणून आत्तापासून सवय लाव. घरीच कर, त्यात काय आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारची पाळी सुटली. बाथरूम दोन तास अडवून ठेवलं. छाती, पोट, मांड्या, पोटऱ्या, सगळं एका दमात. फेस अर्ध्यात संपला, मग नुसत्या पाण्यावर रेटलं. ब्लेड ओढायला लागलं तरी सोडलं नाही. केस उलट्या दिशेने ओढले की मुळापासून जातात, हे सांगायला कोणी मास्तर लागत नाही. वरून आफ्टरशेव चोपडलं. भडका उडाला अंगाचा, पण आग झाली म्हणजे लागू पडलं.

आरशात बघितलं तर ओळखू येईना. छातीच्या मधली रेघ मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितली.

टॉवेल गुंडाळून दार उघडलं तर अस्वल दारात उभी होती. "दुखतं का, बाबा?"

"छ्या! लोण्यासारखं निघतं."

"सगळे जातात?"

"सगळे."

मग गेली. माझ्या स्पर्धेत रस असलेलं घरात एवढं एकच माणूस आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अंगभर पुरळ. छातीवर बारीक लाल, मांड्यांवर जाड, पोटऱ्यांवर केसागणिक एक पुळी. आज मोठ्या इमारतीच्या मोटर रूममध्ये काम होतं. वर पत्रा तापलेला, अंगात कंपनीची नायलॉनची डांगरी. संध्याकाळी ती उतरवली तेव्हा मांड्या आतून सोलून निघाल्यासारख्या झाल्या होत्या. खाजवावं तर आग, न खाजवावं तर वेड.

बायकोने लांबूनच बघितलं. "घाम मुरलाय आणि कापड घासलंय. गार पाण्याची पट्टी ठेवा, आतून सुती काहीतरी सैल घाला. चार दिवस वासाचं काही लावू नका, आणि रेझर तर मुळीच नको. आपोआप बसेल."

"चार दिवस काही करू नका, हा तुमच्या ऑफिसातला उपाय झाला."

"मग करा तुमच्या मनाचं," म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मी जखमा धुवायचं औषध बाटलीतून थेट मांड्यांवर ओतलं. त्यात पाणी मिसळायचं असतं हे बाटलीवर लिहिलं होतं, पण इतक्या बारीक अक्षरात कोण वाचणार? माझा आवाज ऐकून शेजारीण दार वाजवायला आली. बायकोने तिला सांगितलं, "काही नाही, स्पर्धेची तयारी चालू आहे."

हिचं तोंड शिवायला हवं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज व्यायामशाळेत शर्ट काढला आणि तुकतुकीत लांबूनच ओरडला, "अरे, ही कोंबडी सोलून इथे कोणी टांगली?" सगळे हसले. मालकसुद्धा हसले. मी पण हसलो. काय करणार, चारचौघांत तोंड कुठे लपवणार? पण घरी येईपर्यंत अंगाचा तिळपापड झाला होता. ही काय थट्टा झाली? माणसाच्या कातडीवरून बोलतात? कातडी काय कोणी दुकानातून निवडून आणतं? ज्याच्या अंगावर येतं त्याला विचारा. जेवण गेलं नाही.

उद्यापासून पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि लांब पँट घालून व्यायाम करणार. घामाने चिकटलं तर चिकटू दे. त्याला बघायला मिळायला नको.

अस्वलाचं काहीतरी नवीनच. शाळेच्या रिलेत धावते, सरावाला रोज अर्धी चड्डी घालून जायची. आज एवढ्या उकाड्यात लांब पँट. मी म्हटलं, "थंडी वाजते का काय?" म्हणाली, "हो." या वयात पोरींना काय होतं कळत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुरळ जरा बसलं होतं, पण मी काल खरखरीत घासणीने चांगलं घासून काढलं. तुकतुकीतच म्हणाला होता की घासलं की आत अडकलेला केस बाहेर येतो. घासल्यावर रक्त आलं. माझी खात्री आहे की तो मला मुद्दाम असले उपाय सांगतो.

शेवटी औषधाच्या दुकानात गेलो. एका मित्रासाठी विचारतोय म्हटलं. दुकानदार माझ्या मानेवरच्या पुळ्यांकडे बघत म्हणाला, "मित्राला सांगा, आधी हात आवरा. पुरळ असताना घासायचं नाही, फोडायचं नाही. गार पट्टी, साधं बिनवासाचं लोशन. खाज फारच असेल तर हे सौम्य क्रीम, पातळसं, तेही थोडेच दिवस. परत केस काढायचे तर कातडी पूर्ण शांत झाल्यावर. कोमट पाण्याने केस मऊ करून घ्यायचे, नवं ब्लेड, आणि केस ज्या बाजूला झुकतो त्याच बाजूला फिरवायचं. पुळ्यांत पू धरला, ताप आला, तर माझ्याकडे यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं." जाताना आणखी काहीतरी म्हणाला, रेझर एकमेकांचं वापरू नका वगैरे. माझं मीच वापरतो.

म्हणजे बायको बोलली तेच. अर्थात हे तिला सांगण्याची गरज नाही. लोशन माझ्या कप्प्यात ठेवलंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

कोणीतरी माझ्या रेझरला हात लावतंय.

दाढीला घेतलं तर ब्लेड बोथट. नीट बघितलं तर कडेला बारीक लव अडकलेली. माझे केस असे नसतात, माझे तारेसारखे. लोशनची बाटलीही अर्ध्यावर आलीय, आणि मी तर बोटावर मोजून घेतो. घरात माणसं किती? मी नाही, अस्वल अजून लहान. उरलं कोण?

जेवताना विचारलं सरळ. "माझं रेझर वापरायची हौस असेल तर सांगायचं. चोरून काय?"

"मी?" बायको म्हणाली. "तुमचं रेझर? त्या रेझरने तुम्ही कुठे कुठे काय काय केलंय ते बघितलंय मी. चिमट्याने सुद्धा धरणार नाही."

"मग लव कोणाची? भिंतीची?"

"मला काय विचारता? रोज आरशापुढे उभे असता, तुम्हालाच माहीत."

बराच वेळ जुंपली. मी बोललो की स्पर्धा तिच्या डोळ्यांत खुपते, मला स्टेजवर बघवणार नाही तिला. ती बोलली की घरात वजनकाटा सोडून दुसरं काही तुम्हाला दिसत नाही. अस्वल मधल्यामध्ये ताट तसंच टाकून उठली. बायको म्हणाली, "बघा, तुमच्यामुळे." मी म्हटलं, तुझ्यामुळे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

केस परत टोचायला लागले. पुरळ पूर्ण गेलं नव्हतं, पण स्पर्धा काही माझ्या कातडीसाठी थांबणार नाही. मांड्या आणि पोटऱ्यांवरून जुनंच रेझर पुन्हा फिरवलं. आता काही पुळ्यांना पांढरी तोंडं आलीत, दोनतीन फुटल्या.

नवीन रेझर आणलंय, ते हत्यारांच्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. लोशनही तिथेच. जुनं बाथरूमच्या खिडकीत ठेवून दिलं आणि जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "घरातल्या चोरासाठी जुनं खिडकीत ठेवलंय. खुशाल घ्या." बायकोने मान वर केली नाही. अस्वलाने माझ्याकडे बघितलं आणि पटकन खाली बघितलं. गंमत वाटली असणार.

३ मार्च, सोमवार

शाळेतल्या खेळाच्या मास्तरांचा फोन. अस्वलाने रिले सोडली. धावायला सगळ्यात चांगली, शेवटचा टप्पा तिचाच असतो, आणि आता म्हणते नाव काढा. मी कामावर होतो, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकलेली, आत माणसं आरडाओरडा करतायत आणि हे मास्तर फोनवर.

घरी येऊन चांगली झापली. "बाप या वयात उपाशी राहून झिजतोय आणि तुला चार पावलं धावायचा कंटाळा?"

"पाय दुखतो, बाबा."

"कोणता?"

"दोन्ही."

"दोन्ही पाय दुखतात आणि शाळेत चालत जाता येतं?"

दप्तर उचलून आत गेली. आळशीपणा आईकडून आलाय.

८ मार्च, शनिवार

माझं अंग सुधारतंय! गेले काही दिवस मी माझीच एक पद्धत काढलीय. सकाळी डांगरीखाली जुना सुती पायजमा घालतो. दुपारी मोटर रूममध्ये ओलं फडकं मांड्यांवर टाकून बसतो. कामावरून आलो की लगेच गार पाण्याने अंघोळ, टिपून कोरडं करतो, घासत नाही, आणि वर लोशन. छाती जवळजवळ साफ. मांड्यांच्या मागे आणि आतल्या बाजूला अजून आहे, पण खाज नाही. बायको बघते आणि मूग गिळून बसते. तिला वाटत असेल तिचंच ऐकलं. तसं काही नाही.

अस्वल संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. "बाबा, तुमचं बरं झालं? काय लावलं?"

मी फुशारकीत होतो. म्हटलं, "धंद्याचं गुपित आहे. अस्वलांना सांगत नसतात."

एरवी हसते. आज नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "सांगा ना." मी म्हटलं, तू काय स्पर्धेत उतरणारेस? आणि पोझ मारायला आरशाकडे वळलो. परत वळलो तर नव्हती.

१३ मार्च, गुरुवार

स्पर्धा रविवारी. पाणी कमी करायला सुरुवात केली. तोंडाला कोरड, डोकं ठणकतंय, कोणी मोठ्याने श्वास घेतला तरी राग येतो.

बायको म्हणाली, "तिचा पाय बघा जरा एकदा. उजवा सुजलाय. मला दाखवत नाही, दाराला कडी लावून अंघोळ करते. तुम्ही ओरडलात तर दाखवेल कदाचित."

म्हणजे माझं ओरडणं आता उपयोगाचं झालं. मी म्हटलं, "धावून धावून मुरगळला असेल."

"ती धावतच नाहीये कधीपासून."

"रविवारनंतर बघतो."

"काय रविवारनंतर?"

"सगळंच."

१५ मार्च, शनिवार

रंगाचा पहिला हात झाला. व्यायामशाळेत वर्तमानपत्रं अंथरून, हात पसरून उभा राहिलो आणि मालकांनी मला ब्रशने रंगवलं. छाती पोट झकास. मांड्यांवर रंग बसताना मालकांनी तोंड वाकडं केलं, पण म्हणाले दुसऱ्या हातात झाकून जाईल.

घरी चादर खराब होईल म्हणून खुर्चीत बसून झोपायचंय, त्यात बायको येऊन उभी. "ताप आहे तिला. पाय गरम लागतोय. शेवटी जबरदस्तीने पँट वर केली मी. तुम्ही चला, बघा."

"औषध दे तापाचं."

"दिलंय. उतरत नाही. उद्या सकाळी डॉक्टरकडे नेते, तुम्ही गाडीने सोडा."

"उद्या?" मला खरंच कानांवर विश्वास बसेना. "उद्या काय आहे माहीत आहे ना तुला? परवा अचानक पाय सुजला, आज अचानक ताप. आणि डॉक्टर बरोबर उद्याच?"

तिने माझ्याकडे जे बघितलं तसं कधी बघितलं नव्हतं. आवाज चढवला असता तर मी पण चढवला असता. पण ती हळूच म्हणाली, "तुमचं चालू द्या," आणि आत गेली.

मला रंग फुटू नये म्हणून हात अंगापासून लांब ठेवून बसावं लागतंय. लिहायला जमत नाही.

१७ मार्च, सोमवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मी निघालो तेव्हा दोघी गेल्या होत्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कटकट नाही.

सभागृहात दुसरा हात झाला, वर तेल. पडद्यामागे सगळे सारखेच तपकिरी, कोण कोणाचा बाप ओळखू येत नव्हतं. आमच्या गटाला बोलावलं, दिवे लागले, आणि मी पहिली पोझ घेतली. मग वळायला सांगितलं. पाठमोरा. तिथे माती झाली. रंग मांड्यांवरच्या प्रत्येक पुळीत जाऊन साचला होता, एकेक ठिपका काळाकुट्ट. मला दिसत नव्हतं, पण परीक्षकांतला एक जण शेजारच्याला पेनाने दाखवत होता ते मी मान वळवून बघितलं. कोणी हसलं नाही. त्याहून वाईट म्हणजे पुढे कोणी बघितलंच नाही. पहिल्याच फेरीत बाहेर. तुकतुकीत दुसरा आला.

फोन उघडला तर बायकोचे फोन येऊन गेलेले, आणि एका रुग्णालयाचं नाव.

शर्ट अंगाला चिकटत होता तसाच गेलो. दारातली बाई मला आत सोडेना, म्हणाली, "अंगाला काय लागलंय तुमच्या?" आत नर्स ओरडली, "बेडवर टेकू नका, रंग लागेल." म्हणून लांब उभा राहिलो. अस्वल झोपली होती, हाताला सलाइन. उजवा पाय उशीवर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लालभडक, ताणून चकाकत होता, नडगीवर ठिकठिकाणी पू. डाव्या पायावरही पुळ्या. दोन्ही पायांवर कापल्याच्या आडव्या रेघा. आणि एक केस नाही.

मी बघत राहिलो. मला काही कळेना. मग एकदम कळलं.

डॉक्टर तरुण होती, माझ्याशी बोलताना माझ्या मानेकडे बघत होती. "घरात अजून कोणाला पुळ्या आहेत?" मी कॉलर वर ओढली. तिने माझ्या कॉलरच्या वर बघितलं, मग पँटच्या खाली. "तुम्हालाच आहेत की. रेझर एकच वापरता का?"

"मी तिला दिलं नव्हतं," मी म्हटलं.

"विचारलं ते वेगळं. एकच होतं का?"

बायको खिडकीपाशी होती. वळलीसुद्धा नाही. "यांनी खिडकीत ठेवलं होतं. चोरासाठी."

डॉक्टरला त्यातलं काही समजलं नाही. ती सांगत गेली की पुळ्यांतले जंतू ब्लेडला राहतात, कापलेल्या कातडीतून आत जातात, वेळेत आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. आता शिरेतून औषध, पू काढावा लागेल, वण राहतील. किती ते आत्ता सांगता येत नाही. मी म्हटलं, वेळेत म्हणजे कधी? ती म्हणाली, "सूज आली तेव्हाच."

बाहेर बाकावर मी बायकोला म्हटलं, "तुला माहीत होतं तर सांगायचंस ना नीट."

"काय नीट? गुरुवारी सांगितलं. शनिवारी सांगितलं."

"तिने हे केलंच कशाला? एवढ्या लहान वयात?"

तेव्हा बायको हसली. वाईट हसली. "शाळेत मुलं तिला अस्वल म्हणतात. तुमच्या त्या तुकतुकीतचा मुलगा तिच्या वर्गात आहे, माहीत आहे का तुम्हाला? मी म्हटलं, मास्तरांना सांगते, नावं घे त्यांची. तर म्हणाली, कशाला आई, घरीच म्हणतात, मग बाहेरचे म्हणणारच."

मी म्हटलं, मी लाडाने म्हणायचो.

"मग त्यांना जाऊन सांगा लाडाने म्हणायला," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मी बाकावर बसून राहिलो. उठलो तेव्हा बाकावर माझ्या पाठीचा तपकिरी छाप पडला होता. सफाईवाल्याने माझ्यादेखत पुसला आणि मला दोन शब्द सुनावले. मी ऐकून घेतले.

२२ मार्च, शनिवार

काल मुलीला घरी आणलं. ताप नाही. उजव्या पायावर पट्टी, डाव्यावर पुळ्या बसत आल्यात पण खाज भयंकर, झोपेत खाजवते. घरात तिघं आहोत आणि आवाज फक्त भांड्यांचा. बायको माझ्याशी बोलत नाही, म्हणजे कामापुरतं बोलते. मीही आपणहून काही काढत नाही. माझ्यावर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं आहे. मी काय तिला रेझर हातात दिलं का? हे मी दिवसभर स्वतःशी म्हणतो, आणि प्रत्येक वेळी मध्येच तुटतं.

आज कामावर गेलो नाही. डाव्या पायाला काय करायचं ते मला या घरात सगळ्यांत जास्त माहीत आहे. निदान ते तरी मला करू द्यावं असं वाटलं. दुपारी पातेल्यात गार पाणी घेतलं, धुतलेलं मऊ फडकं घेतलं, लोशनची नवी बाटली फोडली आणि तिच्या खोलीत गेलो. बायको तिथेच होती, उजव्या पायाची पट्टी सोडवत होती. मला बघताच मुलीने चादर ओढून दोन्ही पाय झाकले.

मी म्हटलं, "हे गार फडकं ठेवलं ना, की खाज थांबते. मी केलंय. घासायचं नाही, नुसतं ठेवायचं. मग हे लावायचं, याला वास नाही, झोंबत नाही." एवढं सगळं मी एका दमात बोललो. ती भिंतीकडे बघत ऐकत होती.

"दाखव बघू," मी म्हटलं.

तिने चादर घट्ट धरली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हसणार नाही ना?"

"नाही गं. मी कशाला हसेन?"

ती आईकडे वळली. "आई, नाही ना हसणार?"

मला वाटलं, बायको हो म्हणेल. किती का भांडणं होईनात, मुलीसमोर तिने मला कधी खोटं पाडलं नव्हतं. ती बराच वेळ पट्टीची गुंडाळी करत राहिली. मग म्हणाली, "मला नाही सांगता येणार, बाळा. तुला वाटलं तर दाखव."

मुलीने विचार केला. मी पातेलं धरून उभा होतो. मग ती म्हणाली, "पाणी तिथे ठेवा, बाबा. आई लावेल," आणि मी ठेवलं.